न भाजलेली वाळू

साहेबानं मला फसवलं, मी ड्रायव्हरला फसवलं, आणि इंजिनावरून खाली उतरवलं गेलं ते एकट्या ड्रायव्हरला. पुढे जे लिहितो आहे ते एवढ्याच गोष्टीबद्दल आहे.

राजुऱ्याच्या पलीकडे एक कोळशाची खाण होती. खाणीपासून मोठ्या स्टेशनापर्यंत तिची स्वतःची रूळवाट होती, आम्ही तिला सायडिंग म्हणायचो. निम्मी वाट सागाच्या आणि मोहाच्या जंगलातून चढत जायची. त्या चढावर एक जुनं डिझेल इंजिन भरलेले डबे ओढायचं. आठ महिने त्याला काही व्हायचं नाही. माघ-फाल्गुनात सागाची पानं गळायला लागली, की मात्र त्याची परीक्षा सुरू व्हायची. सागाचं पान सुपाएवढं. वाळलेलं असतं तोवर निरुपद्रवी. दंवानं भिजलं आणि त्यावरून चाक गेलं, की त्याचा काळा चिकट लेप रुळावर बसतो. त्यात चैत्रात मोहफुलं पडतात, पहाटेपासून टपटप, रुळांवर आणि रुळांच्या मध्ये. चिरडलेलं मोहफूल म्हणजे गुळाचा पाक. त्यावर लोखंडाचं चाक जागच्या जागी फिरतं, पुढे जात नाही.

त्यावर उपाय एकच, वाळू. इंजिनाच्या अंगावर चाकांजवळ वाळूच्या पेट्या असतात. ड्रायव्हरनं कळ दाबली की हवेच्या जोरानं नळीतून वाळू रुळावर पडते आणि चाकाला पकड मिळते. पण ती वाळू बारीक चाळलेली आणि खडखडीत कोरडी लागते. ओलसर असली की नळीच्या तोंडाशीच गोळा होऊन बसते. ती वाळू पुरवण्याचं काम माझं होतं.

मी अहेरीकडून बांबूतोडीच्या मजुरीवर या बाजूला आलो होतो. सातवीपर्यंत शिकलेला. कंत्राटदारांच्या मागे मागे फिरून मीच कंत्राटदार झालो. घासाघीस करण्यात माझा हात कोणी धरत नव्हता, आणि रागात तर नाहीच. नदीची वाळू आणायची, डांबराची पिंपं फोडून सपाट केलेल्या पत्र्यावर ती भाजायची, फावड्यानं खालीवर करायची, दोनदा चाळायची आणि पोत्यांत भरून तोंड घट्ट बांधायचं. कामात कष्ट होते, पण अवघड काही नव्हतं. जळण मात्र फार लागायचं.

ड्रायव्हर माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातला. त्याचे आजोबा, वडील, भाऊ सगळे जाळ्यावर. हा एकटा इंजिनावर गेला. आधी इंजिन पुसणारा म्हणून लागला, मग पाहत पाहत शिकला. त्याच्या गावात त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. म्हातारी माणसंसुद्धा ‘डायवर’ म्हणायची, आणि ते म्हणताना आवाजात थोडा मान असायचा. त्याला ओल हातानं कळायची. माझं पोतं आलं की तो हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळाची मूठभर वाळू काढायचा, आवळायचा आणि बोटं उघडायचा. वाळू बोटांमधून घसरून गेली तर पोतं पेटीत ओतायचं. मुठीचा ठसा वाळूत राहिला तर पोतं परत.

पानगळीच्या दिवसांत तो आणखी एक गोष्ट करायचा, ती कुठल्या नियमात नव्हती. पहिले भरलेले डबे निघायच्या आधी सकाळी तो मोकळं इंजिन चढावर न्यायचा. चढाच्या मध्यावर एक जंगलातलं गाव आहे. तिथे दोन लांब भोंगे द्यायचा. गावातल्या बाया टोपल्या आणि खराटे घेऊन यायच्या. रुळांमधली, रुळांवरची मोहफुलं वेचायच्या, पानं खराट्यानं बाजूला लोटायच्या. इंजिन त्यांच्या मागून माणसाच्या चालीनं सरकायचं. बायांना मोह मिळायचा, रूळ स्वच्छ व्हायचे. परतताना ड्रायव्हर पातळशी वाळू सोडत यायचा. सगळे त्याला झाडूगाडी म्हणायचे. बायांत पुढे असायची एक म्हातारी, गोंड, काठीसारखी ताठ. चाक थोडं जरी फिरलं की ती इंजिनाकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, आज याले सकाळीच चढली. ड्रायव्हर खिडकीतून हसायचा.

इथवर कोणाचंच काही वाईट नव्हतं. पुढचं बिघडवलं ते मी, आणि एकदा नाही, चारदा.

पहिल्यांदा राजुऱ्याच्या बाजारात. माझी पोती ट्रॅक्टरवर होती, चहाच्या टपरीपाशी ट्रॅक्टर उभा होता. बाजारहाटाला आलेला ड्रायव्हर सवयीनं जवळ आला. एका पोत्याचं तोंड सोडून त्यानं हात घातला, मूठ आवळली आणि चार लोकांत शांतपणे सांगितलं की थोडी ओल धरली आहे, पुन्हा भाजून घे. तो खरं बोलत होता. ती पोती रात्रभर उघड्यावर राहिली होती. पण टपरीवर दोन दुसरे कंत्राटदार बसले होते आणि त्यांतला एक हसला. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. एरवी मी त्याला भाऊ म्हणायचो, त्या दिवशी एकदम ‘तू’वर आलो.

“मले चोर समजून राह्यला का? तुह्या बापानं तळ्यात मासे धरले. तू वाळूत काय चाचपून राह्यला?”

 ड्रायव्हरनं हातातली वाळू परत पोत्यात सोडली, तळवा धोतराला पुसला आणि पोत्याचं तोंड पहिल्यासारखं बांधलं. नीट, गाठ मारून. मग बाजाराकडे निघून गेला.

त्यानंतर त्यानं माझ्या पोत्यात कधी हात घातला नाही. पोती आली की लांबूनच विचारायचा, “भाजली ना, भाऊ?” मी म्हणायचो, भाजली. तो मान हलवायचा आणि पोतं ओतायला सांगायचा. मला वाटलं, मी जिंकलो. खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंही वाटलं.

दुसऱ्यांदा साहेबाच्या टेबलासमोर. सायडिंगचा सगळा माल ज्याच्या सहीनं यायचा तो साहेब बाहेरचा होता. गोड बोलायचा, खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. माझ्यासारख्याला खुर्ची म्हणजे मोठी गोष्ट. माझ्या डोक्यात हिशेब साधा होता: बायांनी रूळ झाडले नाहीत तर वाळू जास्त लागेल. मी साहेबाला काळजीच्या सुरात सांगितलं की रुळावर रोज पंधरा-वीस बाया फिरतात, एखादी इंजिनाखाली आली तर तुमच्या अंगाशी येईल. साहेबानं कपाळाला आठ्या घातल्या. दोन दिवसांत गावाच्या तोंडाशी पाटी लागली, चौकीदार उभा राहिला, बायांना रुळावर यायला बंदी. वाळूची मागणी दुप्पट झाली.

म्हातारी मला खाणीच्या फाटकावर भेटली. बंदी कोणी सुचवली ते चौकीदारानं तिला सांगितलं असणार. ती भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, “आमचा मोह तुह्या डोळ्यात काऊन खुपला, भाऊ?” मी तुमच्याच जिवासाठी केलं असं काहीतरी बोललो. ती मग टोपली डोक्यावर ठेवून गेली. टोपली रिकामीच होती.

ड्रायव्हर साहेबाकडे बायांसाठी बोलायला गेला होता, हे मला नंतर कळलं. साहेबानं त्याला सांगितलं, तुम्ही इंजिन चालवा, वाळू भरपूर मिळेल.

तीन आठवड्यांत रूळ काळेकुट्ट झाले. रुळांमध्ये कुजलेल्या मोहाचा वास असा दाटला की चढावरून जाताना डोकं जड व्हायचं. इंजिन रोज घसरायचं, रोज वाळू खायचं. पत्र्याखालचा जाळ विझेना. आणि मग अवकाळी आला. तीन दिवस गारांसकट पाऊस. माझं सगळं जळण भिजलं, ढिगातली वाळूही. पत्र्यावर टाकली तर नुसती वाफ, कोरडं काही होईना.

मी साहेबाकडे गेलो. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण माझ्या बाजूनं एवढंच एक आहे. मी त्याला स्पष्ट सांगितलं: वाळू भाजलेली नाही, दोन दिवस द्या. साहेब म्हणाला की उद्या सकाळी डबे गेलेच पाहिजेत, वरून फोनवर फोन येत आहेत. मी पुन्हा म्हणालो, ओली आहे. तेव्हा तो हसला. म्हणाला, “वाळू ती वाळू. पाठवा तुम्ही. पुढचं मी बघतो.”

मी पाठवली. हे तिसऱ्यांदा. उगीच कोणी गावठी गरीब माणूस दबावाखाली आला असं समजू नका. मी दबणाऱ्यातला नव्हतो. मी त्याच्याशी एकेका पोत्यावरून तासतास भांडलेलो होतो. त्या दिवशी नाही भांडलो, कारण भांडलो असतो तर पुढच्या हंगामाचं काम गेलं असतं.

सकाळी पाऊस उघडला होता. झाडं अजून निथळत होती. मी स्वतः पोत्यांबरोबर गेलो होतो. ड्रायव्हर इंजिनाच्या पायरीवर उभा होता, अंगात खाकी शर्ट, खांद्यावर टॉवेल. पोती उतरली. त्यानं नेहमीप्रमाणे लांबूनच विचारलं,

“भाजली ना, भाऊ?”

एवढ्या पावसानंतर हे विचारताना त्याच्या आवाजात किंचित अडखळणं होतं. त्याचा उजवा हात एकदा पोत्याकडे निघालाही होता. मग तो हात त्यानं मागे घेतला. मला बाजारातली टपरी आठवली, त्यालाही आठवली असणार.

मी म्हणालो, “भाजली.”

पोती पेटीत ओतली गेली. पोतं ओतणाऱ्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

मी मोटरसायकल काढून जंगलातल्या गावापाशी रस्ता रूळ ओलांडतो त्या फाटकावर जाऊन थांबलो. का थांबलो, सांगता येत नाही. मनातून मला ठाऊक होतं म्हणूनच थांबलो असेन. इंजिन आवाज करत आलं, डबे मागे. फाटकाच्या थोडं खाली चाकं फिरायला लागली. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो कर्कश आवाज, आणि गाडी जागेवर. ड्रायव्हर खिडकीतून निम्मा बाहेर झुकून चाकाकडे बघत होता. एक हात आत होता, वाळूच्या कळीवर. नळीच्या तोंडातून काहीच पडत नव्हतं. तो कळ पुन्हा पुन्हा दाबत होता. हवेचा नुसता फुसका आवाज येत होता.

गाडी थांबली. मग हळूहळू मागे सरकायला लागली. ब्रेक लागलेले होते, चाकं फिरत नव्हती, तरी सरकत होती. त्या पाकावरून घसरत होती. बैलगाडी चिखलात मागे जाते तशी, आणि मग वेगानं. ड्रायव्हर उडी मारू शकला असता. तो भोंगा धरून उभा राहिला, खाली खाणीच्या अंगणात माणसं होती म्हणून. भोंगा जंगलातून खाली खाली जात राहिला. शेवटी खाली धडधड आवाज झाला आणि भोंगा थांबला.

मागचे तीन डबे वाटेच्या टोकाला मातीच्या ढिगात घुसून आडवे झाले होते. कोळसा पसरला होता. माणूस कोणी दगावला नव्हता, कोणी जखमीही झालं नव्हतं. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून नळीपाशी बसला होता. त्यानं बोट घालून नळीच्या तोंडातला गोळा काढला. मुठीत आवळला. बोटं उघडली. चार बोटांचे ठसे वाळूत स्पष्ट होते. त्यानं मान वर करून मला पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “वल्ली आहे, भाऊ.” जसं काही मला ते ठाऊक नव्हतं आणि तो मला सांगत होता.

चौकशीला वरून दोन अधिकारी आले. आदल्या दिवशी साहेबानं मला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. भाजलेल्या वाळूचा नमुना आणायला सांगितलं. म्हणाला, वाळू कोरडी होती एवढंच बोला, ड्रायव्हरला नुसती समज देऊन सोडतील, नोकरीला धक्का लागणार नाही, शब्द देतो. मी चौथ्यांदा बिघडवलं ते तिथे. घरी शिल्लक असलेल्या जुन्या भाजलेल्या पोत्यातली वाळू घेऊन गेलो. अधिकाऱ्यांसमोर ओतली, ती पाण्यासारखी वाहिली.

त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, वाळू घेताना तपासली होती का? नियम तसाच होता, तपासायची जबाबदारी ड्रायव्हरची. तो म्हणाला, “नाई. भाऊच्या शब्दावर घेतली.” का तपासली नाही, हे त्यांनी विचारलं. मी त्याच खोलीत बसलो होतो. त्यानं एवढंच सांगितलं असतं तरी पुरलं असतं की हा माणूस मला भर बाजारात बापावरून बोलला, म्हणून मी हात घालणं सोडलं. तो खाली मान घालून उभा राहिला. बापाचा तो शब्द त्याला पुन्हा चार लोकांत उच्चारायचा नसेल.

माझा जबाब साहेबाच्या कारकुनानं लिहिला. मी प्रत्येक करारातली प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचणारा माणूस. त्या कागदावर मी न वाचता सही केली, कारण मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. पुढे कळलं की त्यात एक वाक्य जास्तीचं होतं: वाळू सोडण्यात ड्रायव्हरनं हलगर्जीपणा केला, हे मी स्वतः पाहिलं. मी कधी म्हटलं नव्हतं. खाली सही माझी.

त्याला इंजिनावरून उतरवून वजनकाट्यावर बसवलं, कोळशाच्या ट्रकांच्या पावत्या फाडायला. गावात कोणी काही बोललं नाही, पण ‘डायवर’ म्हणणं हळूहळू थांबलं. काही महिन्यांनी त्यानं काम सोडलं आणि तळ्यावर भावाबरोबर जाळं टाकायला लागला. बायांवरची बंदी पुढच्या वर्षी उठली. रूळ झाडणारं दुसरं कोणी मिळेना.

मी साहेबाकडे गेलो होतो, नाही असं नाही. त्या वाक्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, कोणतं वाक्य? आणखी दोन हंगामांनी त्यानं वाळूचं काम माझ्याकडून काढून आपल्या माणसाला दिलं. तेव्हा मी पेटलो. राजुऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत एक चहाची टपरी सोडली नाही जिथे मी त्या साहेबानं मला कसं फसवलं ते सांगितलं नाही. टेबलावर हात आपटून सांगितलं. लोक माना हलवायचे. इतकी वर्षं ओरडत होतो ते माझ्या कामाबद्दल. ड्रायव्हरबद्दल एका टपरीवरही बोललो नाही.

दहाएक वर्षांनी मी घर बांधायला काढलं. रस्त्याच्या कडेला वाळूचा ट्रक रिकामा केला होता. ड्रायव्हर सायकलवरून जात होता, मागे मासळीची पाटी. केस पांढरे. मला पाहून थांबला, सायकल स्टँडवर लावली. घर कोणतं, किती खोल्या, मुली कुठे दिल्या, सगळं विचारलं. बोलता बोलता त्याचा हात ढिगाकडे गेला. मूठभर वाळू घेतली, आवळली. आणि मध्येच काहीतरी लक्षात आल्यासारखा थांबला, मूठ न उघडताच हात खाली करून वाळू परत ढिगात टाकली. माझ्याकडे बघून कसनुसा हसला. माफी मागितल्यासारखा. त्यानं, मला.

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. मी त्याला चहाला थांबा म्हणालो. त्यानं मासळी खराब होईल म्हणून नको म्हटलं आणि गेला. मागच्या वर्षी तो वारला. मी मयतीला गेलो, मागे उभा राहिलो, आणि त्या म्हातारीच्या गावची माणसं आलेली पाहून लवकर निघालो.

म्हणून आता लिहून देतो, आणि या वेळी जबाब मीच लिहिला आहे, वाचून सही करतो. वाळू भाजलेली नव्हती. ते मला ठाऊक होतं. मी विचारणाऱ्याच्या तोंडावर भाजली म्हणालो. त्याचा हात पोत्यातून मी काढायला लावला, बाया रुळावरून मी काढायला लावल्या. ड्रायव्हरनं कळ दाबली होती. मी फाटकावरून पाहिलं. माझ्यासाठी जी शिक्षा असेल ती त्याच्या घरच्यांनी ठरवावी, मी त्यांच्या दारात जाणार आहे.

पण साहेब, तुम्ही अजून आहात. निवृत्त झालात, नातवंडांत आहात, असं ऐकतो. तुम्हाला मी दोनदा सांगितलं होतं की वाळू ओली आहे. ते वाक्य माझ्या सहीच्या वर कोणी लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं, आणि ज्या माणसानं तुमच्या अंगणातली माणसं वाचवायला भोंगा सोडला नाही, त्याला तुम्ही कोणत्या तोंडानं उतरवलंत? मला नका सांगू. त्याची बायको त्याच्याच गावात राहते. तिथे या आणि तिला सांगा.